वाचक कोण, जाणकार कोण?



मानपाड्याला संध्याकाळी गाण्याच्या क्लासला निघालेल्या मुली दिसतात. संगीत शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांसाठी गांधर्व महाविद्यालय मंडळाचे ‘संगीत कला विहार’ १९४७ साली सुरू झाले. रागचर्चा, नोटेशन, परीक्षांची माहिती : वाचक जोडण्याची साधी रीत.

पण संगीताचे मासिक साद घालते ती नेमकी कोणाला? अमेरिकेतल्या ‘रोलिंग स्टोन’च्या (१९६७) मुखपृष्ठावर बाई चालते, जाणकार मात्र पुरुषच. संस्थापक यान वेनर यांच्या २०२३ च्या पुस्तकात सात संगीतकारांच्या मुलाखती, सातही पुरुष. बायकांना त्या पातळीवर बोलता येत नाही म्हणे! (जोनी मिचेललासुद्धा?)

वर्गणी तर आपणही भरतो. पुढच्या बैठकीला घरातले अंक आणा. फोटो कोणाचा, लेख कोणाचा, तबल्याच्या जाहिरातीत बोटे कोणाची, एकत्र बसून मोजू.