खिडकीपलीकडच्या माणसाचा पगार

ॲपल आणि गूगलची मुख्यालयं असलेल्या, सनीव्हेल-क्युपर्टिनोतल्या मराठी मंडळींच्याही परिचयाच्या, कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत नोव्हेंबर 2025 मध्ये मतदारांनी स्वतःवरच कर लावून घेतला. विक्रीकरात पाच वर्षांसाठी 0.625 टक्क्यांची वाढ. त्यातून वर्षाला सुमारे 33 कोटी डॉलर येतील असा अंदाज आहे. काउंटीच्या स्वतःच्या हिशेबानुसार वॉशिंग्टनच्या कपातीमुळे पडणारं भगदाड मात्र वर्षाला एक अब्ज डॉलरच्या पुढचं आहे. पृथ्वीवरच्या सर्वांत श्रीमंत पट्ट्यांपैकी एकाची ही गत, तर शेतीवर जगणाऱ्या काउंट्यांनी काय करायचं?

भगदाडाचं मूळ 4 जुलै 2025 रोजी ट्रम्प यांनी सही केलेल्या अर्थसंकल्पी कायद्यात आहे. मेडिकेड या गरिबांच्या आरोग्यविमा योजनेवरच्या कपातीची चर्चा भरपूर झाली, पण त्याच कायद्यातलं एक रुक्ष कलम तितकंच महागात पडणार आहे.

गरिबांना धान्य-किराण्यासाठी पैसे देणारी ‘स्नॅप’ योजना देशभरात सुमारे चार कोटी लोकांना आधार देते. लाभाची रक्कम आजवर पूर्णपणे फेडरल सरकारची. कार्यालयीन खर्च मात्र निम्मा-निम्मा. ऑक्टोबर 2026 पासून या खर्चातला फेडरल वाटा 50 वरून 25 टक्क्यांवर येतो. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, ओहायो, मिनेसोटा, विस्कॉन्सिन अशा दहा राज्यांत योजना चालवतात त्या काउंट्या. कॅलिफोर्नियात या खर्चाचे 15 टक्के काउंटी भरत आली आहे. उरलेल्या रकमेची राज्य-काउंटी वाटणी आहे तशीच राहिली, तर हा आकडा साडेबावीसवर जातो.

‘कार्यालयीन खर्च’ म्हटलं की चकचकीत खुर्च्या डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात तो अर्ज तपासणाऱ्या माणसाचा पगार असतो. पगाराच्या पावत्या, घरभाड्याचा करार, कुटुंबातली माणसं, या सगळ्याची पडताळणी करून लाभ ठरवणारा हा कर्मचारी.

आणि इथेच कायद्याची खरी मेख आहे. ऑक्टोबर 2027 पासून राज्यांना लाभाच्या रकमेतही हिस्सा उचलावा लागेल, तोही चुकांच्या प्रमाणात. चुका सहा टक्क्यांच्या आत असतील तर काही नाही. मग पाच टक्के, दहा टक्के, आणि चुका दहा टक्क्यांवर गेल्या की पंधरा. 2024 मध्ये देशाचं सरासरी प्रमाण होतं 10.93 टक्के, कॅलिफोर्नियाचं 10.98, विस्कॉन्सिनचं 4.47. कॅलिफोर्नियात वर्षाला सुमारे 12 अब्ज डॉलर वाटले जातात. त्याचे पंधरा टक्के म्हणजे 1.8 अब्ज.

या चुका म्हणजे फसवणूक नव्हे. कमी दिलेले पैसेही त्यातच मोजले जातात. बहुतेक वेळा तासाच्या बोलीवर काम करणाऱ्याची कमाई महिन्यागणिक बदलते आणि कागदावर जुनाच आकडा राहतो. राज्यांचा स्वतःचा पैसा गुंतला की ती काळजी घेतील, हा समर्थकांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण काळजी घ्यायला माणसं लागतात, आणि त्यांच्याच पगाराला कात्री लावून चुकांबद्दल दंड आकारणं म्हणजे विहिरीचा दोर कापून पाणी का आणलं नाहीस म्हणून विचारणं.

त्यात काम वाढतंय. 64 वर्षांपर्यंतच्या अनेकांना आता स्नॅपसाठी महिन्याला 80 तास कामाचा पुरावा द्यावा लागेल. पूर्वी ही अट 54 पर्यंत होती. मेडिकेडच्या विस्तारित गटालाही, म्हणजे नंतर सामावून घेतलेल्या प्रौढांनाही, 2027 च्या सुरुवातीपासून तशीच अट, शिवाय दर सहा महिन्यांनी नव्याने पात्रता तपासणी. कॅलिफोर्नियात दोन्ही योजनांचे कागद काउंटीच्याच टेबलावर येतात.

म्हणूनच कॅलिफोर्नियातल्या काउंट्यांच्या संघटनांनी विधिमंडळापुढे ठेवायच्या मागण्यांचा क्रम बदलायला हवा. त्यांच्या याद्या लांबलचक असतात: बालसंरक्षण, वृद्धांची काळजी, बेघरांसाठी घरं. यातलं काहीच बिनमहत्त्वाचं नाही. पण पहिल्या क्रमांकावर पात्रता तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांचा पैसा हवा, कारण तो गेला तर दंडाची भरपाई राज्य याच बाकीच्या सेवांमधून कापून घेईल. काउंट्यांकडे दुसरा खिसाही नाही. 1978 च्या ‘प्रपोझिशन 13’ने मालमत्ता कराला एक टक्क्याची मर्यादा घातली, आणि नव्या स्थानिक करासाठी मतदारांकडे जावं लागतं. विक्रीकर वाढवला तर किराणा वगळूनही त्याची झळ कमी पगारवाल्यालाच जास्त बसते.

राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, मे महिन्यात सुधारित अर्थसंकल्प येतो आणि 15 जूनपर्यंत विधिमंडळाला तो मंजूर करावा लागतो. आमदारांना या वर्षी या कर्मचाऱ्यांचा पगार वाचवल्याचं समाधान मिळेल. बिल मात्र उशिरा येईल. 2029 पासून प्रत्येक वर्षाचा दंड तीन वर्षांपूर्वीच्या चुकांवर ठरणार आहे. फेडरल वाटा घटल्यानंतरच्या पहिल्या वर्षात मोकळ्या राहिलेल्या खुर्च्यांचा हिशेब 2030 च्या अर्थसंकल्पात मांडला जाईल. तेव्हा आजच्यातले किती आमदार सभागृहात असतील?