तेवढा तांबडा दिवा बघा हं!

मैत्रिणींनो, कुकरची शिट्टी वेळेवर झाली नाही तर आपण हातातलं काम टाकून ओट्याकडे धावतो. मग गाडीतल्या तांबड्या दिव्याकडेच काणाडोळा का?

आमच्याकडे १९९७ सालची मारुती ८०० आहे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली ही गाडी २०१४ साली बनायची थांबली. पण आमच्या सोनाळ्यात ती अजून घरच्या माणसासारखी सांभाळली जाते. गेल्या वर्षी एका गुरुवारी शेगावला दर्शनासाठी निघालो. मागे सासूबाई आणि दोन्ही मुलं. हँडब्रेक खाली केला, तरी ब्रेकचा दिवा विझेना.

"अहो, हा दिवा?"

"जुनी गाडी आहे, लागतो कधीकधी. परवाच तर ब्रेक ऑईल टाकलं!" हे म्हणाले.

परवा टाकलेलं ऑईल आज कमी? मी सरळ मुलांना खाली उतरवलं. ह्यांचा चेहरा पडला, सासूबाईही कुरकुरल्या. मिस्त्रींना घरीच बोलावलं. ते म्हणाले, "ताई, तेल कमी झालं म्हंजे कुठं तरी गेलंच ना! थे काय हवेत उडते?" मागचं चाक उघडलं, तर आत सगळं ओलं! व्हील सिलिंडरचं रबर गेलं होतं आणि ऑईल झिरपून ब्रेक शूवर येत होतं.

तेव्हा हा दिवा लागला, तर क्रमाने एवढे पाहा:

१. हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना? एखादा दाता वर राहिला तरी दिवा लागतो.

२. गाडी सपाट जागी उभी करून बॉनेट उघडा. ब्रेक ऑईलच्या डबीवर दोन खुणा असतात. ऑईल त्यांच्या मध्ये हवे. खाली गेले असेल, तर पुढची पॅड झिजली आहेत किंवा गळती आहे. नुसते ऑईल ओतले की दिवा विझतो, दुखणे तसेच राहते.

३. चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का?

४. ब्रेक दाबून धरा. पाय हळूहळू खाली गेला किंवा स्पंजासारखा लागला, तर गाडी हलवूच नका.

५. हे सारे ठीक असेल, तर डबीतला तरंगता भाग अडकला असेल किंवा हँडब्रेकचा स्विच बिघडला असेल. तरीही मिस्त्रींना दाखवाच.

आणि उलटही पाहा: किल्ली फिरवून हँडब्रेक ओढल्यावर दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला, तर बहुधा बल्ब गेला आहे.

ऑईल झाकणावर लिहिलेलेच घ्या, सीलबंद घ्या. ते हवेतला दमटपणा ओढून घेते, म्हणून उघडी उरलेली बाटली जपून ठेवण्याची काटकसर नको. दर दोन वर्षांनी सगळे बदला. इंजिन ऑईल चुकूनही टाकू नका, रबरं फुगतात. गाडीच्या रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग निघतो.

पुढच्या गुरुवारी आम्ही सुखरूप शेगावला जाऊन आलो. आता किल्ली फिरवली, की हे आधी दिवा पाहतात. आणि सासूबाई मागून विचारतात, "विझला का रे?"