अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, पंधरा वर्षांचं मांजर

'मांजर पाळायचंय. कुठलं घेऊ?' गेल्या दोन महिन्यांत हा प्रश्न मला चार जणांनी विचारला. चौघेही तिशीच्या आतले, चौघेही नोकरीवाले, चौघेही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारे. आणि प्रश्नापाठोपाठ प्रत्येकाच्या मोबाइलवर एक फोटो तयार. निळे डोळे, चपटं नाक, कापसाचा गोळा. 'कसलं क्यूट आहे ना?'

आहेच हो क्यूट. पण हे पिल्लूपण सहा-आठ महिन्यांत उरकतं. पुढे राहतं ते मांजर, आणि घरात नीट सांभाळलेलं मांजर १५ वर्षं आरामात जगतं. आता आपला हिशेब बघा. आपलं लीव्ह अँड लायसन्स ११ महिन्यांचं. नोकरी जेमतेम दोन-तीन वर्षांची. पुढच्या १५ वर्षांत तुमचं शहर बदलेल, लग्न होईल, कदाचित मूलही होईल. मांजर त्या प्रत्येक वेळी घरात असणार आहे. म्हणजे 'कुठलं मांजर' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की मी कसल्या घरात राहतो, रोज किती तास घरी असतो आणि घर सोडताना याला सोबत नेणार आहे का?

हा प्रश्न न विचारता आणलेल्या मांजरांचं पुढे काय होतं, ते आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर दिसतंच. 'अर्जंट अडॉप्शन. ओनर शिफ्टिंग. प्लीज फॉरवर्ड.' आपल्याकडे म्हणतात, मांजरी पिलांना सात घरं फिरवते. आपणा भाडेकरूंचंही तेच चाललेलं असतं. फक्त ती प्रत्येक वेळी पिल्लाला तोंडात धरून सोबत नेते.

आधी घरमालक, मग मांजर

माझी ठमी चार वर्षांची आहे. तीनरंगी, पुण्यात कोथरूडच्या एका पार्किंगमध्ये जन्मलेली. चार वर्षांत तिने माझ्यासोबत तीन घरं पाहिली. मधल्या शोधात दोन झकास फ्लॅट मी सोडून दिले. एका काकांना मांजर घरात असणं अपशकुनी वाटत होतं. दुसरीकडे ब्रोकर म्हणाला, 'मॅडम, ओनर बाहेरगावी असतात, त्यांना कुठं कळतंय?' कळतं हो. शेजारी असतात, वॉचमन असतात, आणि रात्री दोन वाजता मांजर म्यांव करतं.

तेव्हा फंडा सोपा आहे. ब्रोकरचं 'चालतंय हो' ऐकून डिपॉझिट देऊ नका. एक पाळीव मांजर ठेवायला परवानगी आहे, ही एक ओळ अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या. एरवी आपण अ‍ॅग्रीमेंट न वाचताच सही ठोकतो, पण या ओळीसाठी वाचा. फ्लॅटमेट असतील तर त्यांनाही आधी विचारा. एखाद्याला मांजराची अ‍ॅलर्जी असेल, तर ती मांजर आणल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी.

पिल्लू की मोठं?

सगळ्यांना पिल्लूच हवं असतं. पण सकाळी नऊला निघून रात्री आठला परतणाऱ्या एकट्या माणसासाठी दोन महिन्यांचं पिल्लू ही जरा कठीण केस आहे. त्याला दिवसातून चार वेळा खायला लागतं, ते वायर चावतं, पडद्यावर चढतं आणि एकटं पडलं की रडतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू तर घेऊच नका, कुणी कितीही गळ घातली तरी. त्या वयात त्याला आईचं दूध लागतं, आणि चावताना किती जोर लावायचा हेही ते आई-भावंडांकडूनच शिकतं. बारा आठवडे थांबलात तर आणखी उत्तम.

तुम्ही खरंच दिवसभर बाहेर असाल, तर दोन पर्याय आहेत. एक, सख्खी भावंडं जोडीने आणा. ती एकमेकांना दमवतात आणि तुमचा सोफा थोडा तरी वाचतो. दोन, दोन-तीन वर्षांचं मोठं मांजर घ्या. त्याचा स्वभाव ठरलेला असतो. ते मांडीवर बसणारं आहे की कपाटावर, हे आणण्याआधीच कळतं. मोठी मांजरं लवकर कुणी नेत नाही. काळ्या मांजरांचंही तसंच, ती आडवी जातात म्हणे! तुम्हाला तेवढाच चॉइस जास्त.

पर्शियन की पार्किंगमधलं?

पर्शियन दिसायला राजेशाही असतं, पण त्याचे केस रोज विंचरावे लागतात, नाही तर गाठी होऊन कातडी ओढली जाते. चपट्या नाकामुळे श्वासाचा त्रास, डोळ्यांतून सतत पाणी, आणि आपला एप्रिल-मे म्हणजे परीक्षाच. या जातीत किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजारही आढळतो. दुमडलेल्या कानांचं स्कॉटिश फोल्ड तर त्याहून वाईट. ज्या दोषाने त्याचे कान दुमडतात, तोच दोष सांध्यांच्या कूर्चेतही असतो. म्हणजे आपल्याला जे गोड दिसतं, ते त्याचं दुखणं असतं.

माझं मत सरळ आहे: देशी घ्या. काटक असतं, केस आखूड असतात, इथल्या हवेला सरावलेलं असतं आणि विकत घ्यावं लागत नाही. निवडताना मात्र रंगापेक्षा तब्येत बघा. डोळे स्वच्छ हवेत, नाक गळत नको. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ दिसला तर तिथे किडे आहेत असं समजा. शेपटीखालची जागा कोरडी हवी. अंग हडकुळं आणि पोट मात्र फुगलेलं, तर बहुधा जंत. यातलं बरंचसं औषधाने बरं होतं, पण आणताना माहीत असलेलं बरं. आणि गंमत म्हणून लक्षात ठेवा, तीनरंगी मांजर जवळजवळ नेहमीच मादी असतं.

पहिली खरेदी: जाळी

बेड, खेळणी, घुंगरू लावलेला पट्टा, सगळं नंतर. पहिली खरेदी म्हणजे खिडक्या आणि बाल्कनीची जाळी. 'मांजर कितीही वरून पडलं तरी चार पायांवर पडतं' हे आपण लहानपणापासून ऐकतो. न्यूयॉर्कमध्ये इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा एक अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातली उपचार मिळालेली ९० टक्के मांजरं वाचली, म्हणून तो अभ्यास फार गाजला. पण ही दवाखान्यापर्यंत पोहोचलेली मांजरं होती, जागीच गेलेली त्यात नव्हती. आणि वाचलेल्यांचेही जबडे, पाय मोडलेले होते, छातीला मार बसलेला होता.

नेहमीच्या ग्रिलमधून पिल्लू सहज बाहेर पडतं. डासांची जाळी नखांनी फाटते. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी काही मांजरं कुरतडतात. मजबूत, बारीक विणीची धातूची जाळी लावा. घरमालकाचं घर आहे, तेव्हा भिंतीला भोकं पाडायची परवानगीही त्याच फटक्यात घेऊन टाका.

वाघाच्या मावशीचा डबा

म्हणीतलं मांजर डोळे मिटून दूध पितं. आपल्या घरातलंही पिईल, पण मग त्याचं पोट बिघडेल. मोठं झाल्यावर बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. दूध-पोळीवर तर मांजर जगूच नये. वाघाची मावशी आहे ती, पक्की मांसाहारी. टॉरिन नावाचा एक घटक मांजराला मांसातूनच मिळतो. तो कमी पडला तर दृष्टी जाते, हृदय कमजोर होतं. नुसतं उकडलेलं चिकनही पूर्ण आहार होत नाही. तेव्हा वयाप्रमाणे 'कम्प्लीट' लिहिलेलं कॅट फूड हा मुख्य आहार ठेवा. कुत्र्याचं खाणं चालणार नाही. तुमचं घर शाकाहारी असेल, किंवा घरमालकाची 'नॉनव्हेज शिजवायचं नाही' अशी अट असेल, तर हा डबाबंद मार्ग आहेच. पण मांजराला शाकाहारी करायचा हट्ट असेल, तर ससा पाळा.

पाण्याचं भांडं खाण्यापासून दूर ठेवा. लिटरचा ट्रे शांत कोपऱ्यात ठेवा आणि रोज साफ करा. ट्रेची संख्या मांजरांपेक्षा एकने जास्त असावी, असा साधा नियम आहे. आणि ही यादी फ्रिजवर चिकटवा: कांदा, लसूण, डांबरगोळ्या, बुकेमधली लिली आणि पॅरासिटामॉल. तुमच्या तापावरची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांसाठीची पिसवांची औषधंही मांजराला लावू नका, त्यातली काही मांजरांना विषारी असतात.

डॉक्टर आधी, मांजर नंतर

घराजवळचा प्राण्यांचा डॉक्टर मांजर यायच्या आधी शोधून ठेवा. रात्री कोण बघतं, तेही विचारा. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचं रुग्णालय कित्येक पिढ्यांना माहीत आहे. तुमच्या भागातही काही ना काही असेल.

लसीचं वेळापत्रक साधारण असं: ६ ते ८ आठवड्यांपासून ट्रायकॅट, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने १६ आठवड्यांपर्यंत बूस्टर. तीन महिने झाले की रेबीजची लस. सोबत जंताचं औषध. 'आमचं मांजर घरातच असतं' म्हणून लस टाळू नका. काही रोगांचे विषाणू आपल्या चपलांवरूनही घरात येतात.

नसबंदी पाच-सहा महिन्यांच्या आत उरका. मादी चौथ्या-पाचव्या महिन्यातही माजावर येऊ शकते आणि नऊ आठवड्यांत घरात बाळंतपण. बोक्याचं ऑपरेशन झालं नाही तर तो भिंतींवर फवारे मारतो, आणि मग डिपॉझिट विसरा.

दोन गोष्टींना मात्र 'वीकेंडला बघू' चालत नाही. बोका लघवीला पुन्हा पुन्हा बसतोय आणि होत नाहीये, तर त्याच तासाला निघा, मीटिंग गेली खड्ड्यात. मार्ग तुंबलेला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. आणि मोठ्या मांजराने २४ तास काही खाल्लं नाही, तर डॉक्टरला फोन करा. पिल्लू असेल तर त्याच्याही आधी. जास्त दिवसांच्या उपासाने मांजराचं यकृत बिघडतं.

आणि उद्या घरात पाळणा हलणार असेल तेव्हा? 'मांजर आधी बाहेर काढा' असं सांगणारे दहा जण भेटतील. टॉक्सोप्लाझ्माची भीती खोटी नाही, पण त्याचे जंतू विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगे व्हायला किमान एक दिवस लागतो. ट्रे रोज साफ करायचा आणि ते काम त्या महिन्यांत नवऱ्याने करायचं. कच्चं राहिलेलं मटण आणि न धुतलेली भाजी यांचीही तेवढीच काळजी घ्यायची. डॉक्टरांशी बोला. मांजर घरातच राहू द्या.

तर मंडळी, अ‍ॅग्रीमेंटमध्ये ओळ आली, जाळी बसली, डॉक्टरचा नंबर सेव्ह झाला, की दोन-तीन दिवस रजा टाका आणि खुशाल मांजर आणा. आल्या आल्या एकाच खोलीत ठेवा, खाणं आणि ट्रे तिथेच. ते पलंगाखाली जाऊन बसलं तर ओढून काढू नका, आपोआप येईल. तोवर नाव ठरवा. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिलं, की मांजरांना स्वतःचं नाव बरोब्बर ओळखू येतं. हाकेला यायचं की नाही, हा सर्वस्वी त्यांचा प्रश्न!