हिमदरीतील मलमपट्टी

मधुमेहामुळे पायाला जखम झालेल्या एका आजींची मलमपट्टी बदलण्यासाठी मी दिवसाआड त्यांच्या घरी जात असे. माझी पिशवी दिसताच त्या भिंतीकडे तोंड फिरवीत. सून हात धरून बसे आणि मी वर्षानुवर्षे म्हणत आलो तेच म्हणे, ‘‘जरा सोसा, झालेच.’’ एके दिवशी आजींनी पाय आखडून घेतला. ‘‘डॉक्टर, सडला तर सडू दे, पण आता हे नको.’’

नेमक्या अशा क्षणासाठी अमेरिकेतील सिएटल येथे १९९६ मध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी एक उपाय शोधण्यास आरंभ केला. भाजलेल्या रुग्णांची पट्टी बदलताना अफूवर्गीय औषधेही पुष्कळदा अपुरी पडतात. म्हणून औषधांच्या जोडीला त्यांनी रुग्णांच्या डोळ्यांवर ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’चा चष्मा चढवला. आत बर्फाळ दरी, हिममानव, पेंग्विन. रुग्णाने बर्फाचे गोळे फेकीत पुढे जायचे. या खेळाचे नाव ‘स्नोवर्ल्ड’. पोळलेल्या माणसाला बर्फात नेण्याची ही युक्ती मला प्रयोगशाळेपेक्षा एखाद्या आजीलाच सुचावी अशी वाटते! रुग्णांनी वेदना कमी झाल्याचे सांगितलेच. पुढे मेंदूच्या प्रतिमांमध्येही वेदनेशी निगडित भागांतील हालचाल मंदावलेली दिसली.

कारण असे, की वेदना जाणवण्यासाठी अवधान लागते आणि आपले अवधान मर्यादित असते. यावरून ‘म्हणजे दुखणे मनाचेच’ असा निष्कर्ष मात्र घरच्यांनी कृपया काढू नये. दुखणे खरेच असते.

२०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने प्रौढांच्या जुनाट कंबरदुखीसाठी अशाच एका आठ आठवड्यांच्या घरगुती कार्यक्रमास मान्यता दिली. तीही इतर उपचारांच्या जोडीने. नातवाने हौसेने असा चष्मा आणलाच, तर तो खुर्चीत बसूनच लावावा आणि जवळ कोणीतरी असावे. मळमळ वा गरगरणे सुरू होताच काढावा. अपस्मार, भोवळ किंवा स्मृतिभ्रंश असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. छातीतील कळ, अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी, कोणतेही नवे दुखणे यांवरून लक्ष मुळीच हटवू नये. तिथे तपासणीच हवी.

माझ्याजवळ चष्मा नव्हता. मी प्रथम वेदनाशामक गोळी पट्टीच्या बरीच आधी देण्याची व्यवस्था केली. हे मला पूर्वीच सुचायला हवे होते. आणि सुनेने सहज विचारले, ‘‘आई, तुमच्या माहेरच्या विहिरीला पायऱ्या किती हो?’’ आजी एकेक पायरी उतरू लागल्या. सातवीचा दगड हलायचा, नवव्या पायरीवर शेवाळ. मध्ये दोनदा त्या कळवळल्या, पण पाय मागे घेतला नाही. पाणी लागण्याआधीच माझी पट्टी बांधून झाली.

दोन दिवसांनी गेलो, तर आजी माझ्याकडे तोंड करून बसलेल्या. ‘‘परवा कितव्या पायरीवर होतो आपण?’’