भुयारातली गुंतवणूक, भूपृष्ठावरचा नफा

सन २०२५ मध्ये महाराष्ट्राला लोहमार्गाच्या दोन वार्ता ऐकावयास मिळाल्या. पहिली नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूरची. राहुरी ते शिंगणापूर या २१.८४ किलोमीटर लांबीच्या नव्या मार्गास रेल्वेने मान्यता दिली. अंदाजित खर्च ४९४ कोटी १३ लाख रुपये. दुसरी मुंबईची. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ९ ऑक्टोबरपासून आरे ते कफ परेड अशी अखंड धावू लागली. तिचा सुधारित खर्च ३७,२७६ कोटी रुपये. म्हणजे शिंगणापूरला किलोमीटरमागे साडेबावीस कोटी आणि मुंबईला अकराशे कोटींहून अधिक. शिंगणापूरच्या संपूर्ण मार्गाचा पैसा मुंबईत ओतला असता, तर भुयार अर्धा किलोमीटरही पुढे सरकले नसते.

हा हिशेब सभेत टाळ्या मिळवण्यास उत्तम आहे. ग्रामीण महाराष्ट्राच्या पैशावर मुंबई चैन करते, असा निष्कर्ष त्यातून काढणारे पुढारी दोन्ही बाजूंना सापडतील. परंतु तो निष्कर्ष टिकणारा नव्हे. राज्याच्या तिजोरीत मुंबईचा वाटा मोठा आहे. आणि १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांसाठी १९७५ साली जो व्यवसाय कर बसवला गेला, तो मुख्यतः शहरांतल्या पगारदारांच्या खिशातून आला, हे नगर जिल्ह्याने तरी विसरू नये. शिवाय काळबादेवी-गिरगावच्या दाटीत जमिनीवरून नवी रेल्वे नेण्यास जागाच नाही. वरळी, वांद्रे-कुर्ला संकुल, विमानतळ आणि सीप्झ ही कामाची ठिकाणे उपनगरी रेल्वेने एकमेकांशी सरळ जोडलेली नव्हती. मार्ग भुयारी असणे ही येथे चैन नव्हे.

तेव्हा वाद मुंबई आणि गाव यांचा नाही. तो मुंबईतल्याच दोन वर्गांचा आहे: जो गाडीतून प्रवास करतो तो, आणि गाडी ज्याच्या जमिनीखालून जाते तो.

मूळ आराखड्यात या मार्गाचा खर्च २३,१३६ कोटी रुपये धरला होता. त्यापैकी १३,२३५ कोटी जपानच्या ‘जायका’ या संस्थेचे कर्ज. केंद्र आणि राज्य यांचे भागभांडवल प्रत्येकी २,४०२ कोटी. त्याशिवाय दोन्ही सरकारांचे आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे दुय्यम कर्ज. मुंबई विमानतळ चालवणाऱ्या कंपनीकडून ७७७ कोटी अपेक्षित होते. आणि मार्गाच्या आजूबाजूच्या मालमत्तेचा विकास व त्यावरील आकार यांतून यावयाचे होते १,००० कोटी, म्हणजे शंभर रुपयांतले जेमतेम सव्वाचार रुपये. देशातील सर्वांत महाग जमिनीखालून जाणाऱ्या रेल्वेला त्या जमिनीने द्यावयाचा हिस्सा एवढाच! पुढे खर्च ६१ टक्क्यांनी वाढला. त्याची कारणे अनेक आहेत. आरे येथील कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये झालेली वृक्षतोड, सर्वोच्च न्यायालयाची मनाई, त्यानंतरच्या सरकारने दिलेली स्थगिती, कांजूरमार्गचा पर्याय, त्यास उच्च न्यायालयाने दिलेली स्थगिती आणि जुलै २०२२ मध्ये पुन्हा आरे, ही कथा सर्वपरिचित आहे. आरेच्या झाडांविषयी प्रश्न विचारणारे चुकले होते असे म्हणण्याचे कारण नाही. तो प्रश्न जागा निवडतानाच निकालात निघावयास हवा होता, एवढेच. खर्च वाढला तेव्हा भर प्रामुख्याने कर्जावरच पडली. जपानी कर्ज आता सुमारे २१,२८० कोटींवर गेले आहे.

हे कर्ज तिकिटांतून फिटेल काय? प्रकल्पाच्या प्रारंभी रोज तेरा लाखांहून अधिक उतारूंचा अंदाज होता. संपूर्ण मार्ग खुला झाला त्या पहिल्या दिवशी दीड लाखाहून थोडे अधिक उतारू आले. संख्या कालांतराने वाढेलही. परंतु भाडे १० ते ७० रुपये आहे, आणि उपनगरी रेल्वेत दुसऱ्या वर्गाने कमी पैशांत जाणारा कारकून वातानुकूलित डब्याच्या मोहाने महिन्याचे अंदाजपत्रक मोडणार नाही. भाडे वाढवावे तर उतारू घटतात, घटवावे तर कर्जाचा हप्ता राज्याच्या माथी येतो.

जमिनीला मात्र अशी काही चिंता नसते. मार्ग जाहीर झाला की तिचा भाव चढतो, स्थानकाची जागा निश्चित झाली की आणखी चढतो. मालकाने काडीही हलविलेली नसते. जॉन स्टुअर्ट मिलने ज्या अनार्जित वाढीवर समाजाचा हक्क सांगितला, ती हीच. शिंगणापूरच्या घरांना दारे नाहीत, कारण तेथे कोणी काही उचलून नेत नाही अशी श्रद्धा आहे. मुंबईच्या मेट्रोच्या तिजोरीलाही या बाजूने दार नाही. फरक इतकाच की तेथे उचलून नेणारे आहेत, आणि ते सर्वस्वी कायदेशीर आहे.

१८६३ साली जगातील पहिली भुयारी रेल्वे सुरू करणाऱ्या लंडनला हे कोडे नवीन नाही. तेथील एलिझाबेथ मार्ग २०२२ साली सुरू झाला. पण त्याच्या पैशाची तजवीज बारा वर्षे आधीच झाली होती. एप्रिल २०१० पासून मोठ्या व्यापारी जागांवर, त्यांच्या करमूल्याच्या दर पौंडामागे दोन पेन्स असा जादा कर बसवला गेला. लहान दुकानदार त्यातून वगळले होते. दोन वर्षांनी नव्या बांधकामांवरही आकार आला. पॅरिसने निराळी वाट धरली. ठराविक संख्येहून अधिक नोकर ठेवणाऱ्या मालकांकडून १९७१ पासून वाहतुकीसाठी कर घेतला जातो. कारण नोकर वेळेवर पोचला की लाभ मालकाचाही होतो.

मुंबईत असे काहीच नाही असे नव्हे. मालमत्तेच्या खरेदीवर मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार आहे आणि एप्रिल २०२२ पासून तो वसूल होत आहे. परंतु त्याचा नेम चुकला आहे. तो भरतो घर विकत घेणारा, म्हणजे ज्याने वाढलेला भाव आधीच चुकता केला तोच. स्थानक दारात आले म्हणून ज्याची इमारत दुप्पट मोलाची झाली आणि ज्याने ती विकलीच नाही, त्याला तो शिवतही नाही. शिवाय स्थानकाला लागून असलेल्या जागेला आणि तासभर दूर असलेल्या जागेला दर एकच. आणि भुयारासाठी ज्यांच्या इमारती पाडल्या गेल्या, त्या गिरगाव-काळबादेवीच्या भाडेकरूंनी तर अनेक वर्षे आपल्या घराबाहेर काढली.

नेवासे तालुक्याला यातले मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. मुळा धरणाचे पाणी आल्यावर जिरायत रानाचे काय झाले, कालव्याखालच्या आणि कालव्यावरच्या जमिनीच्या भावात किती अंतर पडले, हे तेथील शेतकरी जाणतो. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची मोजणी धनंजयराव गाडगीळांनी याच जिल्ह्यात केली आणि १९४८ साली ती प्रसिद्ध झाली. पाण्यामुळे वाढलेल्या मूल्यातला काही भाग सरकारने घ्यावा हा विचार देशात त्यानंतर बराच चर्चिला गेला. वसुलीच्या वेळी मात्र बहुतेक राज्यांनी हात आखडता घेतला. जे कालव्याखालच्या बागाइतदाराकडून मागता आले नाही, ते नरिमन पॉइंटच्या मालकाकडून मागण्याचे धैर्य कोठून यावे?

आता तोच प्रश्न लहान आकड्यांत शिंगणापूरकडे येत आहे. रूळ ज्यांच्या उसातून जातील त्यांना भूसंपादनाचा मोबदला मिळेल, आणि तो पुरेसा आहे की नाही यावर तंटे होतील. स्थानकाच्या रस्त्यावर ज्यांची शेते आहेत त्यांना कोणी नोटीस देणार नाही. दर शनिवारी आणि शनि अमावास्येला लोटणाऱ्या गर्दीसाठी तेथे लॉज, वाहनतळ आणि पूजासाहित्याची दुकाने उभी राहतील, आणि आज एकराने विकली जाणारी जमीन गुंठ्याने विकली जाईल. स्थानकाची जागा जाहीर होण्यापूर्वीचे त्या गटांचे रेडी रेकनरचे दर नोंदवून ठेवावेत आणि नंतरच्या वाढीवर ग्रामपंचायतीसाठी काही आकार ठरवावा, ही तजवीज आताच करता येण्याजोगी आहे. तिला जपानी कर्ज लागत नाही.