जळजळ जुनी असेल, तर दुर्बिणीने पाहा
केदारखेड्यासारख्या गावात छातीतली जळजळ मेडिकलच्या गोळीवर वर्षानुवर्षे निभावली जाते. त्रास शमतो, पण आम्लाने अन्ननलिकेचे अस्तर बदलले का, हे लक्षणांवरून कळत नाही. ‘बॅरेट्स’ नावाचा हा बदल दुर्बिणीत फिकट अस्तरावर चढलेल्या लालसर पट्ट्यासारखा दिसतो आणि तुकडा तपासल्यावरच पक्का होतो. अशा रुग्णांतही कर्करोग वर्षाला शंभरात एकापेक्षा कमी जणांना होतो. मग छत्रपती संभाजीनगरच्या खेपा आणि खर्च कशाला, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच सरसकट तपासणी नको. मात्र पाच वर्षांहून जुनी जळजळ, पन्नाशी ओलांडलेला पुरुष, त्यात धूम्रपान किंवा सुटलेले पोट असेल, तर एकदा एंडोस्कोपी हवीच. घास अडकणे, वजन घटणे, काळी शौच दिसल्यास वय पाहू नये. वेळीच सापडलेला बदल दुर्बिणीतूनच काढता येतो. उशिराचा कर्करोग मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत नेतो.