राणीची रिकामी जागा

मागच्या रविवारी माझं केळवण झालं. (हो, ठरलंय. अभिनंदनाचे मेसेज नंतर करा, आधी कॉलम वाचा.) बेत असा होता की सकाळी शिरूरला आजीच्या भावाकडे पत्रिका द्यायची आणि मग न्हावरे-चौफुला रस्त्यानं दौंड तालुक्यात आजीकडे मुक्कामाला जायचं. शिरूर आजीचं माहेर, दौंड सासर. जुनी माणसं शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात. ही घोड भीमेला मिळते आणि भीमेच्या काठावर दौंड. आजीनं नदीचाच रस्ता धरला, असं आजोबा म्हणायचे.

आजीनं मासवडी केली होती. ताट समोर आलं आणि पहिला घास घेणार, तेवढ्यात मामीनं विचारलं, ‘‘मग, नाव काय ठेवणारेत ते लोक?’’

मी म्हटलं, ‘‘आहे तेच.’’

‘‘तसं नव्हे गं. पहिलं नाव बदलत नाही आता कुणी. पण आडनाव?’’

‘‘तेही आहे तेच.’’

पंगत एकदम शांत. रस्सा भुरकण्याचे आवाज तेवढे चालू होते. आता ह्या लोकांना कसं समजावू, की फ्रीलान्स पत्रकाराकडे पीएफ नसतो, ग्रॅच्युइटी नसते, सहा वर्षं राबून जी काय कमाई होते ती बातमीखालच्या नावाची? तेच बदललं तर मी पुन्हा ट्रेनी! होणाऱ्या सासूबाई चांगल्या आहेत, त्यांनीही हाच प्रश्न अगदी प्रेमानं विचारला होता. प्रेमानं विचारलेल्या प्रश्नाला नाही म्हणणं जास्त अवघड असतं.

संध्याकाळी आजीनं पोथी काढली. शिवलीलामृत. श्रीधरस्वामींनी हा ग्रंथ १७१८ मध्ये बारामतीत पूर्ण केला, म्हणजे इथून फार लांब नाही. आजीची प्रत छापील, लाल कापडात बांधलेली, कडा झिजलेल्या, अकराव्या अध्यायाच्या पानांवर तेलाचे आणि कुंकवाचे डाग. रोज हा एकच अध्याय वाचायचा म्हणजे डाग पडणारच. तीस वर्षांत ही पोथी मी शंभरदा पाहिली असेल, पण पहिलं पान कधी नीट बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं.

वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईत एका मुलीचं नाव, खाली ‘घोडनदी’. त्या नावावर एक आडवी रेघ. आणि त्याखाली वेगळ्या, ठसठशीत अक्षरात सौ. लावून दुसरंच नाव. हे दुसरं नाव माझ्या आजीचं. पहिलंही तिचंच! लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून तिला नवं नाव दिलं, १९६३ साली. मी आजवर तिला एका नावानं ओळखत होते आणि ते तिचं अर्ध्या वाटेतलं नाव निघालं.

ती रेघ बघून मला एकदम दुसरी एक पोथी आठवली. अगदी बादशाही थाटाची.

मास कॉमला असताना एका असाइनमेंटसाठी मी सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात गेले होते. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० मध्ये स्थापन केलेली ही संस्था. तिच्या संग्रहात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ नावाची एक फारसी सचित्र पोथी आहे. मंडळानंच ती १९८७ मध्ये गो. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांच्या संपादनाखाली भाषांतरासह छापली. मी जी पाहिली ती ही छापील आवृत्ती. पोथी म्हटलं की आपल्याला देवाची आठवते, ही मात्र राजाची आहे. आफताबी नावाच्या कवीनं अहमदनगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडी कायम ‘नगर’) हुसेन निजामशहाची स्तुती गायली आहे. हुसेन १५५३ ते १५६५ गादीवर होता. शिरूर, दौंड, सगळा मुलूख तेव्हा निजामशाहीतला. दौंड तालुक्यातल्या हिंगणी बेरडीची पाटीलकी भोसल्यांच्या बाबाजींकडे, आणि त्यांचे चिरंजीव मालोजी पुढे ह्याच निजामशाहीचे सरदार झाले. शिवाजी महाराजांचे आजोबा ते हेच.

मुळात पोथीत चौदा चित्रं होती, आज बारा उरली आहेत. दख्खनच्या चित्रकलेचे हे अगदी सुरुवातीचे नमुने, त्यामुळे जगभरचे अभ्यासक त्यांच्यावर लिहितात आणि आपण पुणेकर त्याच गल्लीतून रोज हॉर्न वाजवत जातो. सोनेरी आभाळ, उंच गोलसर क्षितिज, झगझगीत रंग. बायकांच्या अंगात चोळी, पाठीवर लांबसडक वेणी आणि वेणीच्या टोकाला गोंडा. तालिकोटच्या लढाईचीही चित्रं आहेत, कारण जानेवारी १५६५ मध्ये दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरच्या रामरायाला हरवलं, त्यात हुसेनचा मोठा वाटा.

पण ह्या पोथीचा खरा धक्का लढाईत नाही. कवीनं राजाइतकंच राणीवर लिहिलंय. खुंजा हुमायूं तिचं नाव. तिचं रूप, दोघांचं लग्न, दोघांचा संसार. आणि चित्रांतही ती राजाच्या शेजारी तख्तावर! त्या काळच्या दरबारी पोथीत राणीला अशी उघड जागा मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. तालिकोटनंतर काही महिन्यांतच हुसेन वारला, मुलगा मुर्तझा लहान, आणि कारभार खुंजाच्या हातात आला. पोथी त्याच चार वर्षांतली, १५६५ ते १५६९ मधली मानतात. थोडक्यात, बाई सत्तेवर होत्या आणि पुस्तकात त्यांना मान होता. ह्यात नवल ते काय? आजही ज्याचं सरकार त्याचा फोटो.

१५६९ मध्ये मुर्तझानं आईला कैद केलं. आणि पोथीतली राणी पुसली गेली.

बहुतेक चित्रांत आज राजा दिसतो, तख्त दिसतं, चवऱ्या ढाळणाऱ्या दासी दिसतात, आणि राजाच्या शेजारी एक डाग. पोथी जाळली नाही, पान फाडलं नाही. कविताही ठेवली. फक्त तिला काढलं. छापील पानावर तो डाग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, छपाईत काहीतरी घोळ झालाय. मग लक्षात आलं, राजाचं सगळं अंग कुणाकडे तरी वळलेलं आहे, आणि तिथे कुणीच नाही.

एक चित्र मात्र वाचलं आहे. त्यात एक सुंदर बाई झाडाला हात लावते आणि झाड फुलतं. ही आपल्या संस्कृत काव्यातली जुनी कल्पना, दोहद म्हणतात तिला. फारसी कवितेत, निजामशहाच्या दरबारात, अशोकाला फुलवणारी बाई! हे असं मिश्रण फक्त दख्खनमध्येच होऊ जाणे.

ह्या खुंजाची मुलगी म्हणजे चांदबिबी. १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यात नगरचा किल्ला लढवणारी, जिच्यावर आपण शाळेत निबंध लिहिले तीच. तिच्या आईचं नाव मला त्या निबंधात कधी भेटलं नाही. आणि मुर्तझाचं काय झालं? १५८८ मध्ये त्याच्या पोटच्या पोरानं त्याला हमामखान्यात मारलं. असो.

पुस्तकातून माणूस काढून टाकायची ही हौस फक्त आपल्याकडची नाही. इंग्लंडात १५३८ मध्ये आठव्या हेन्रीनं फर्मान काढलं की थॉमस बेकेट ह्या संताचं नाव सगळ्या प्रार्थनापुस्तकांतून खोडून टाका. बेकेटनं चारशे वर्षांपूर्वी एका राजाला विरोध केला होता, तेवढं कारण पुरे होतं. पुस्तकं म्हणजे कातड्याच्या पानांची, सोन्याचा वर्ख लावलेली, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली. मालकांनी काय करावं? काहींनी चाकूनं खरवडून काढलं. आणि काहींनी नावावर एक पातळशी रेघ ओढली. इतकी पातळ की खालचं नाव आजही वाचता येतं. सरकारी हुकूम पाळला आणि संतही ठेवला. ह्या लोकांशी आपली आजी गप्पा मारू शकली असती, असं मला तेव्हापासून वाटतं.

तिथलंच अजून एक पुस्तक सांगते आणि परत दौंडला येते. लिंकनशरमधल्या जेफ्री लट्रेल नावाच्या सरदारानं १३२५ ते १३४० च्या सुमारास स्तोत्रांची एक पोथी करवून घेतली. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. स्तोत्रांच्या कडेनं चित्रं आहेत शेतीची. नांगराला बैल जुंपलेत, पेरणी चाललीय, एक बाई कोंबड्यांना दाणे टाकतेय. बैलांवरची काठी सोडली तर न्हावऱ्याच्या शिवारात खपून जाईल असं सगळं. आणि एका पानावर खुद्द मालक घोड्यावर बसलेले. ज्यानं पैसे मोजले तो पानावर येणारच! बायको अ‍ॅग्नेस त्याला शिरस्त्राण देतेय, सून बिअ‍ॅट्रिस ढाल घेऊन उभी. देवाच्या पुस्तकात फॅमिली फोटो.

पण ह्या दोघींचे झगे नीट बघा. झग्यावर अर्ध्या भागात लट्रेल घराण्याचं चिन्ह आहे आणि अर्ध्यात त्यांच्या त्यांच्या माहेरचं. अ‍ॅग्नेसच्या झग्यावर सटन, बिअ‍ॅट्रिसच्या झग्यावर स्क्रोप. आता ह्यात स्त्रीमुक्ती वगैरे काही नव्हतं, घराण्यांच्या सोयरिकीचा तो रुबाब होता, हे मला कळतं. तरी सातशे वर्षांपूर्वीची एक सासुरवाशीण माहेर अंगावर घालून उभी आहे, हे बघून मला बरं वाटलं ते वाटलंच.

हे सगळं डोक्यात घोळत असताना आमची गाडी दुपारी केडगावावरून गेली होती, आणि केडगाव म्हणजे पंडिता रमाबाई. दुष्काळातून आणलेल्या बायकांना, विधवांना त्यांनी इथे घर दिलं. त्याआधी त्या इंग्लंडात राहून, चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवून आल्या होत्या. अख्खं बायबल त्यांनी हिब्रू आणि ग्रीकमधून मराठीत आणलं आणि ते इथल्याच छापखान्यात, इथल्याच बायकांनी छापलं. १९२२ मध्ये त्या गेल्या. वडिलांचं आडनाव डोंगरे, नवऱ्याचं मेधावी. पण आपण त्यांना कुठल्याच आडनावानं ओळखत नाही. मामीला सांगायला हवं होतं, पंगतीत सुचलं नाही. चांगली उत्तरं मला नेहमी हात धुतल्यावर सुचतात.

तर, पोथी. मी आजीला विचारलं, ‘‘हे नाव कुणी खोडलं गं?’’

‘‘मीच.’’

‘‘तू?’’

‘‘मग काय. सासूबाई म्हणल्या, पोथीवर दोन नावं नकोत. रोजच्या वाचनाचं पुण्य कुणाच्या खात्यावर जायचं, देवाला कळाय नको?’’

‘‘वाईट नाही वाटलं?’’

ती हसली. ‘‘वाईट वाटायला सवड कुठं होती? पाणी लांबनं आणावं लागायचं. तू आपली काहीबी विचारतीस.’’ मग पोथी डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, ‘‘पण हलकीच ओढली बघ रेघ. वाचता यावं म्हणून.’’

मी फोनमध्ये साठवलेला त्या चित्राचा फोटो तिला दाखवला. राजा, तख्त, आणि शेजारचा डाग. सगळी गोष्ट सांगितली, कैदेसकट. आजीनं चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, दोन बोटांनी फोटो मोठा केला (हे तिला नातवानं शिकवलंय).

‘‘लेकानंच?’’

‘‘हो.’’

‘‘हिचं नाव काय म्हणालीस?’’

सांगितलं. तिला ते दोनदा म्हणून बघावं लागलं. मग मी विचारलं की तुझं घोडनदीचं नाव कॉलममध्ये छापू का. नको म्हणाली. एकदा खोडलेलं परत पेपरात बघून लोक उगीच चौकशा करतील, आणि शिवाय आजोबांनी दिलेलं नावही तिला आता आवडतं, साठ वर्षं वापरलंय. म्हणून इथे दोन्ही देत नाही.

निघताना तिनं पोथी माझ्यापुढे सरकवली. पहिल्या पानावर तिच्या दोन नावांखाली बरीच जागा आहे. पेन तिनंच दिलं, आणि म्हणाली, ‘‘लिही तुझं. पण काय लिहायचं ते एकदाच ठरव. मला आता खाडाखोड दिसत नाही.’’

मी आहे तेच लिहिलं. मामी दारातून बघत होती.